कल्लप्पाचं चौपंखी विमान

वाऱ्याच्या बोगद्यात विमान उलटं टांगतात. आमच्या प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तिथंच अडायचा. मीटर वाचायला येणाऱ्या माणसापासून तपासणीला येणाऱ्या साहेबांपर्यंत सगळे मान वाकडी करून विचारायचे, हे उलटं का? मग मी सांगायची, की सरळ टांगलं तर ते वर उचललं जाईल, आणि वर जाणारी वस्तू तोलायचा तराजू आमच्याकडे नाही. उलटं टांगलं की जितकं वर जायचं तितकं ते खाली ओढतं, तारा ताणल्या जातात आणि तारांना बांधलेला तराजू आकडा सांगतो. एवढं ऐकून निम्मे लोक समाधानाने जायचे. उरलेले निम्मे बाहेर जाऊन सांगायचे, की पॉलिटेक्निकमधल्या बाईंना विमान सरळ लावतासुद्धा येत नाही.

त्या बाई म्हणजे मी. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी निदेशक होते, म्हणजे सर वर्गात फळ्यावर शिकवतील ते प्रयोगशाळेत मुलांकडून हाताने करवून घ्यायचं काम. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी. वडिलांचे माग होते आणि माग बिघडला की तो मीच खोलायची, त्यामुळे मुलगी यंत्र शिकली याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. पण ती वारा मोजते, हे मात्र आईला कुणाला नीट सांगता यायचं नाही. ती सांगायची, पंख्याच्या खात्यात आहे.

बोगदा आमच्या इनामदार सरांनी बांधला होता. सर प्रयोगशाळेचे प्रमुख, स्वभावाने गरीब, पण हवेबद्दल बोलायला लागले की जेवण विसरायचे. हवेत विमान पळवण्याऐवजी विमान बांधून ठेवायचं आणि हवा पळवायची, एवढंच त्या बोगद्यामागचं तत्त्व. प्लायवूडची लांबलचक पेटी, आणि शेवटी हवा ओढायला एका गिरणीने मोडीत काढलेला मोठा पंखा. खोलीतली हवा आत शिरताना वेडीवाकडी शिरते, ती सरळ करायला तोंडाशी सूतगिरणीतल्या कागदी नळ्या एकावर एक रचून चिकटवलेल्या. पंखा थरथरायचा म्हणून त्याखाली चादरीच्या घड्या. तराजू सराफाकडून आणलेला. माझा पदर एकदा बोगद्याने ओढला, तेव्हापासून प्रयोगशाळेत पदर खोचून उभं राहायचं, हा नियम मी स्वतःच स्वतःला घालून घेतला.

माझ्याकडून एक भर पडली ती सुताची. मॉडेलच्या पंखावर आमच्या मागावरचं सूत बोटभर तोडून ओळीने चिकटवायचं. वारा सुरू केला की सूत पंखावर सरळ पडून राहतं, म्हणजे हवा पंखाला धरून आहे. पंखाचं तोंड थोडं वर उचललं की उचल, म्हणजे वर नेणारा जोर, वाढते, अजून उचललं की अजून वाढते, आणि मग एका क्षणी सूत नाचायला लागतं. म्हणजे हवेनं पंख सोडला. खऱ्या विमानाचं हे झालं की ते पडतं. एवढं समजलं की आमच्या धंद्यातलं निम्मं समजलं.

परीक्षा सोडल्या तर बोगदा रिकामाच असायचा. म्हणून सरांनी गावात सांगून ठेवलं होतं, की वाऱ्याबद्दल कुणाची काही तक्रार असेल तर घेऊन या. सोलापूरकर तक्रारीत मागे राहणारे नव्हेत. एका थिएटरवाल्याचा नायकाचा उंच कटआउट वाऱ्याने सारखा कोसळायचा. वारा आरपार जायला नायकाच्या छातीला भोकं पाडा, असं आम्ही सुचवलं, तर म्हणाला, खलनायकाला हवी तेवढी पाडा, नायकाला नको. एका शेंगांच्या व्यापाऱ्याला असा पंखा हवा होता जो टरफल उडवेल पण दाणा उडवणार नाही, आणि टरफल शेजाऱ्याच्या दारात तर मुळीच नेणार नाही. शेजाऱ्याशी त्याचा दावा चालू होता.

आणि मग कल्लप्पा आला.

कल्लप्पा सोलापूरजवळच्या वळसंगचा. पाण्याचे पंप आणि फटफट्या दुरुस्त करायचा. तिशीचा, तेलाने काळे झालेले हात, कपाळावर विभूती, आणि बगलेत काचेची बरणी. बरणीत चतुर. ते पाण्यावर भिरभिरणारे, पारदर्शक चार पंखांचे किडे. मराठीत चतुर, आमच्या तेलुगूत तूनीग, आणि कल्लप्पाच्या घरी कानडी, त्यात म्हणे ह्याला एरोप्लेन चिट्टी म्हणतात. चिट्टी म्हणजे फुलपाखरू. "नावातच हाय की सर," असं म्हणून त्याने बरणी सरांच्या टेबलावर ठेवली.

त्याचं म्हणणं असं होतं. साध्या विमानाला पुढे एक मोठा पंख आणि मागे शेपूट. शेपूट काही भार उचलत नाही, नुसतं विमान सरळ ठेवतं, म्हणजे बसून खातं. त्यापेक्षा मागेही पंखच लावला तर? चतुरासारखे पुढे दोन, मागे दोन. दोन्ही आखूड. भार वाटून घेतील, आणि विमान गॅरेजच्या दारातून आत जाईल. हे शेवटचं कारण खरं होतं, कारण विमान बरंचसं बांधून झालं होतं आणि त्याला उन्हापावसात ठेवायला दुसरी जागा नव्हती.

सरांनी विचारलं, विमान म्हणजे मॉडेल ना? तर नाही. बांबू, सागाच्या पट्ट्या, सायकलची चाकं, मांजरपाट आणि अपघातात मोडलेल्या फटफटीचं इंजिन. माणूस बसेल असं विमान, आणि बसणार तो स्वतः. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी सरकारी नियम, परवानग्या, परवाने असं सगळं म्हणून दाखवलं. कल्लप्पाने शांतपणे ऐकून घेतलं. "उडनार न्हाय सर," तो म्हणाला. "उडी मारनार. उडी मारायला परवाना लागत न्हाय."

त्याला हाकलून द्यायला हवं होतं, असं आज कुणी म्हणेल. पण हाकललेला कल्लप्पा दुसऱ्या दिवशी तेच विमान घेऊन माळावर गेला असता. शिवाय खरं सांगायचं तर सरांना आणि मला त्या चार पंखांनी भूल घातली होती. वर्षानुवर्षं तेच ते प्रयोग करून आम्ही कंटाळलो होतो.

पहिल्यांदा आम्ही खरा चतुरच तपासला. मेणाच्या थेंबाने तो काडीला चिकटवला (पाप लागलं असेल तर ते सरांच्या खात्यावर) आणि वारा सोडला. चतुर ढिम्म. पंख पसरून आरामात बसला. चतुरच तो. पंखा बंद केला तेव्हा फडफडायला लागला. गिरणीतल्या सूत कातणाऱ्या चात्यांचा वेग बघायला वापरतात तसला झपझप लुकलुकणारा दिवा आमच्याकडे होता, त्याच्या उजेडात पंख थबकत थबकत हलताना दिसले. पुढची जोडी खाली जाते तेव्हा मागची वर येत होती. दोन्ही जोड्या एकमेकींच्या वाऱ्यातून वाट काढत होत्या. सर म्हणाले, खरी गोम इथं आहे.

ती गोम अशी. पंख वर उचलतो म्हणजे काय करतो, तर हवेला खाली ढकलतो. पुढच्या पंखाने ढकललेली ही हवा खाली घसरत घसरत मागच्या पंखावर येते. मागच्याला कोरी हवा मिळतच नाही, पुढच्याची उष्टी हवा मिळते, आणि तिच्यात त्याची उचल कमी पडते. कल्लप्पाच्या हे लक्षात आलं होतं. फटफटीमागे दोरीने बांधून ओढलेला त्याचा पतंगाएवढा नमुना मागून खाली बसायचा. म्हणून त्याने खऱ्या विमानात मागच्या पंखाचं तोंड पुढच्यापेक्षा जास्त वर केलं होतं. उपाशी राहतोय तर त्याला जास्त वाढलं, असं त्याचं साधं म्हणणं.

त्याच मापाचं मॉडेल मी बनवलं, दोन्ही पंखांवर सूत चिकटवलं आणि उलटं टांगलं. वारा सोडून मॉडेलचं नाक हळूहळू उचलत गेले. सगळ्यात आधी मागच्या पंखावरचं सूत नाचलं. मी पंखा बंद केला आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा मागचंच.

मागच्या पंखाने आधी हार मानली तर काय होतं हे सांगायला गणित लागत नाही. विमानाची मागची बाजू पडते, नाक आणखी वर जातं, आणि विमान शेपटावर खाली येतं. त्यात बसलेल्या माणसाला काही करता येत नाही. चतुराचं तसं होत नाही, कारण तो चारही पंख क्षणाक्षणाला हवे तसे पिळतो. आपले पंख खिळ्यांनी ठोकलेले.

हे मी कल्लप्पाला सांगितलं त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची आई आली होती. नागव्वा त्यांचं नाव, सगळे अव्वाच म्हणायचे. मराठी त्यांना बेताचं. उलटं टांगलेलं विमान बघून त्या मटकन खालीच बसल्या. मुलाची शेवटची अवस्था त्यांना आधीच दाखवून ठेवली आहे असं त्यांना वाटलं असावं. पाणी दिल्यावर सावरल्या. मग कल्लप्पाने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. अव्वांनी त्याच्याकडून सिद्धेश्वराची शपथ घेतली होती, की कॉलेजातल्या बाई हो म्हणेपर्यंत चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. सर नाही, बाई. सर कसं सांगतात ते त्यांना बहुधा मुलाकडून कळलं होतं. सर कशालाही "तत्त्वतः हो" म्हणायचे, आणि अव्वांना तत्त्वतः चालणार नव्हतं.

अव्वा कानडीत काही बोलल्या. कल्लप्पाने जरा कुरकुरत मराठीत सांगितलं, "अव्वा इचारतीय, तुमी बसाल का ह्यात?"

मी म्हटलं, नाही. अव्वांना तेवढं मराठी समजलं.

पुढचे महिने मोठे मजेचे गेले. कल्लप्पा रुसला, चार आठवडे फिरकला नाही, आणि मग चतुरांची नवी बरणी घेऊन हजर झाला. पुढच्या पंखाचं तोंड मागच्यापेक्षा वर केलं. मागचा पंख हातभर मागे आणि थोडा उंच नेला, म्हणजे उष्टी हवा बरीचशी त्याच्या खालून जावी. इंजिन पुढे सरकवून नाकात वजन वाढवलं. दरवेळी मॉडेल टांगायचं, सूत बघायचं, आणि मी नाही म्हणायचं. मधेच एक घोटाळा झाला. कल्लप्पाने पंखांचं कापड ताणून बसावं म्हणून त्याला मागवाल्यांसारखी खळ दिली होती, कुठल्यातरी विणकर पाहुण्याच्या सल्ल्याने. कापड ताठ बसलं खरं, पण खळ म्हणजे शेवटी पिठाची पेज. शेजारच्या शेळीने रात्रीत डावा पंख टोकाकडून खात आणला. नंतर रोगण लावलं. शेळीवर अव्वा मनातून खूश होत्या असा मला संशय आहे.

शेवटी एकदा पुढच्या पंखावरचं सूत आधी नाचलं. मागचं जागच्या जागी सरळ. याचा अर्थ, विमान फार हळू झालं किंवा नाक फार वर गेलं तर पुढचा पंख आधी सोडणार, नाक आपोआप खाली जाणार, वेग वाढणार आणि पंख पुन्हा हवा धरणार. बसलेल्या माणसाने काही केलं नाही तरी चालेल. सरांनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि म्हणाले, तत्त्वतः...

अव्वा माझ्याकडे बघत होत्या. इतके महिने नाही म्हणताना मला कधी जड गेलं नव्हतं. नाही म्हटल्याने कुणी पडत नाही. त्यांनी तोच प्रश्न विचारला, मुलगा मध्ये न येता, मोडक्या मराठीत. मी म्हटलं, "बसेन." एवढं बोलून मी बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

वळसंगजवळच्या माळावर हिवाळ्यातल्या एका सकाळी उडी ठरली. अट अशी होती, की डोक्याएवढं उंच जायचं आणि लगेच खाली. माळाच्या मध्यावर एक बांध होता, त्यावर अव्वा जाऊन उभ्या राहिल्या. सर आणि मी सुरुवातीच्या टोकाला. कल्लप्पा बसला, विभूती लावली, इंजिन फटफटलं, आणि आमच्या तोंडावर अशी धूळ उडाली की विमान, बांध, अव्वा, काहीच दिसेना. इंजिनाचा आवाज लांब लांब गेला. मग बंद पडला.

त्या शांततेत अव्वांचा आवाज आला, "म्येले! म्येले!"

मी पळत सुटले. त्या पळण्यात माझ्या मनात काय होतं ते सांगते. आकडे नव्हते, सूत नव्हतं, फक्त माझं ते "बसेन" होतं. धुळीतून बाहेर आले तर अव्वा बांधावर हात वर करून नाचत होत्या. कानडीत मेले म्हणजे वर. त्यांच्या तोंडी त्याचं म्येले होतं, आणि आमच्याकडच्या खेड्यांतल्या मराठीतलं मेलेही तसंच ऐकू येतं. आई पोटच्या पोराला "मेले" असं आदराने कशाला म्हणेल, एवढा साधा विचार मला सुचला नाही. त्यासाठी व्याकरण शुद्धीवर असावं लागतं.

मी वर बघितलं. डोक्याएवढं कसलं, कल्लप्पा कडुलिंबाच्या शेंड्याच्या वर होता. इंजिन बंद. विमान मंदावलं, आणि नाक अलगद खाली गेलं. वेग आला, विमान सावरलं. पुन्हा मंदावलं, पुन्हा नाक खाली, पुन्हा सावरलं. असं मान डोलावत डोलावत ते खाली येत होतं. उलट्या मॉडेलवर बोटभर सुताने जे सांगितलं होतं ते मी आकाशात सरळ बघत होते, आणि मला रडू येत होतं. नोकरीतल्या इतक्या वर्षांत इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

विमान माळ ओलांडून पलीकडच्या करडईत उतरलं. वाळायला आलेली करडई म्हणजे नुसते काटे. आम्ही पोचलो तेव्हा कल्लप्पा उभा होता, एकही हाड न मोडलेला, आणि डोक्यापासून पायापर्यंत काट्यांनी भरलेला. मला बघून म्हणाला, "बाई, वर कसं जायचं ते समदं मोजलं. खाली कुटं उतरायचं ते कुनीच इचारलं न्हाय." खरंच विचारलं नव्हतं. अव्वा शेताच्या बांधावर बसून त्याच्या पाठीतले काटे एकेक काढायला लागल्या. काटा चिमटीत धरायचा तर दोनदोनदा निसटत होता.

काटे निघता निघताच त्याने विचारलं, पुन्हा कधी? अव्वांच्या हिशेबी शपथ दर उडीला नव्याने लागू होती, म्हणजे प्रश्न मलाच होता. अव्वांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हटलं, आता नाही.

त्या नाहीला कुठलाही आकडा नव्हता. विमानात दोष नव्हता, मोडलेला पंख आठवड्यात दुरुस्त झाला असता. पण कल्लप्पा शब्दाचा पक्का निघाला. इंजिन काढून त्याने पंपाला जोडलं, पंख आढ्याला टांगून ठेवले, आणि दरवर्षी संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आला की घरी यायचा, चहा प्यायचा आणि जाताना विचारायचा. मी म्हणायची, अजून नाही. तो मान डोलवायचा. पुढे तो आमच्यातला विनोदच होऊन बसला. पण विनोद करणाऱ्याला पुन्हा उडायचं होतं, हे मला माहीत होतं, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

अव्वा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या जत्रेला कल्लप्पा आला, डोक्याचे केस सगळे पांढरे. पिकाबद्दल बोलला, गुडघ्यांबद्दल बोलला, चहा प्यायला आणि काही न विचारता उठला. चपला घालत होता तेव्हा मीच म्हटलं, "कल्लप्पा, हो."

त्याला लगेच समजलं. एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा राहिला.

"आता हो म्हनून काय उपेग, बाई," तो म्हणाला. "तवा मी हलका हुतो."

मग त्याने पायातली चप्पल काढून ठेवली, आत येऊन पुन्हा खुर्चीवर बसला आणि आपलं आताचं वजन सांगितलं. मी पेन्सिल शोधायला उठले.